सुंठीवाचून खोकला

मोठ्या सुनेचं, म्हणजे थोरलीचं डोकं पहिल्यांदा दुखलं ते घरात वायफायचं खोकं आलं त्या आठवड्यात. योगायोग म्हणा नाहीतर आणखी काही म्हणा, पण खोकं बसवलं होतं खोलीबाहेरच्या बोळातल्या फळीवर आणि भिंतीच्या अलीकडे बरोब्बर तिची उशी. आडवी झाली की कपाळात ठणका सुरू व्हायचा, कानात बारीक शिटी वाजायची, तळहाताची आग व्हायची. दिवसभर ती चष्म्याच्या दुकानात मागच्या खोलीत बसून भिंगं घासायची आणि फ्रेममध्ये बसवायची. तिथं डोकं दुखलं असतं तर कुणी नवल केलं नसतं. पण तिथं ते दुखायचं नाही. घरी येऊन उशीला टेकलं की दुखायचं.

डॉक्टरांनी डोळे तपासले, रक्त तपासलं आणि म्हणाले, ‘तुम्हाला होतोय तो त्रास खराच आहे, पण तो त्या खोक्यामुळे होतोय असं मला वाटत नाही.’ थोरलीनं या वाक्याचा पहिला अर्धा भाग घरी आणला आणि दुसरा दवाखान्यातच ठेवला.

मग उपाय सुरू झाले. झोपायच्या वेळी खोकं आपोआप बंद करणारा टायमर आला. माळ्यावर टाकलेला वायरचा फोन पुसूनबिसून पुन्हा भिंतीला लागला. पलंगाभोवती धातूच्या धाग्यांची जाळी आली. उशाशी प्लगात खोचायचं एक बोटाएवढं ‘लहरशोषक’ तिनं प्रदर्शनातून आणलं. त्यात एक दिवा सोडला तर आणखी काय होतं, हे विकणाऱ्यालाही ठाऊक नसावं. पण खोटं कशाला बोला, ठणका पुरता गेला नाही तरी तिला बरं वाटू लागलं. जाळीत शिरली की तिला झोप लागायची. आता ती जाळीमुळे लागायची, की जाळीत शिरल्यावर कुणी कामाला हाक मारत नसे म्हणून, ते तिचं तिला ठाऊक.

हे सगळं खुपलं तिच्या दिराला. धाकटा फर्निचरच्या दुकानात विक्रीला होता. भुशाच्या फळ्यांचं कपाट सागवानी म्हणून गळ्यात मारील अशी जीभ. त्याची मॅच ऐन रंगात आली की टायमर खोकं बंद करायचा आणि हा अंधारात चरफडायचा.

‘भाऊजी, हवेत लहरी असतात. दिसत नाहीत एवढंच,’ थोरली एकदा जेवताना म्हणाली.

‘हवेत कुठल्या, वहिनी? लहरी तुम्ही आहात!’

सगळे हसले. त्या दिवसापासून ती लहरीबाई झाली. सासूबाईसुद्धा शेजारणीशी बोलताना ‘आमची लहरीबाई’ म्हणू लागल्या. थोरलीनं तेही गिळलं असतं. घरात नांदायचं म्हणजे नावं ठेवून घ्यायचीच. पण पुढं त्या रविवारी जे झालं ते तिच्या घशाखाली उतरलं नाही, आणि उतरावं असं मलाही वाटत नाही.

रविवारी आत्याबाई आल्या होत्या. आत्याबाई म्हणजे सासऱ्यांची बहीण. त्यांच्या कानात एखादी गोष्ट घातली की वेगळी जाहिरात द्यायला नको. चहा झाला, आणि धाकटा अगदी मायेनं म्हणाला, ‘वहिनी, आज कसं आहे हो डोकं?’

इतक्या दिवसांत असं कुणी विचारलं नव्हतं. थोरली भोळेपणानं कपाळ दाबत म्हणाली, ‘आज फारच जोर आहे त्याचा. सकाळपासून नुसतं फुटतंय.’

धाकटा उठला. बोळातलं खोकं त्यानं हातावर घेऊन आणलं. त्याचा हिरवा दिवा लागलेला होता. सगळ्यांच्या मधोमध बसून त्यानं झाकण काढलं. आत काही नव्हतं. एक सेल आणि खेळण्यातला एक हिरवा दिवा, चिकटपट्टीनं डकवलेला.

‘खरं खोकं आठवडाभर माळ्यावर पडलंय, वहिनी! वायर काढून! मॅचसुद्धा मी मोबाइलच्या नेटवर पाहतोय!’

आत्याबाई हसता हसता ठसकल्या. सासूबाई हसल्या, धाकटी जाऊ तोंडावर हात ठेवून हसली. थोरलीनं नवऱ्याकडे पाहिलं. त्यानं तोंडासमोर वर्तमानपत्र धरलं होतं, पण कागद हलत होता. म्हणजे त्यालाही ठाऊक होतं. आठवडाभर तो तिच्या शेजारी झोपला होता, तिचं कण्हणं ऐकत होता, आणि त्याला ठाऊक होतं.

ती उठून खोलीत गेली. डोकं त्याही क्षणी फुटत होतं. खोकं पोकळ होतं हे कबूल, पण ठणका पोकळ नव्हता. तो तिच्याच कपाळात होता, आणि हे सांगायचं तरी कुणाला? ज्याचं जळतं त्यालाच कळतं.

दुसऱ्याच दिवशी टायमर निघाला. जाळी सासूबाईंनी घडी घालून तिच्या पलंगाखाली सरकवली. पण गेलं ते एवढंच नव्हे. घरात थोरलीच्या शब्दाला काडीची किंमत उरली नाही. ती म्हणाली नळाचं पाणी गढूळ येतंय, तर उत्तर ‘लहर’. म्हणाली, स्वयंपाकघरात गॅसचा वास येतोय. कुणी जागचं हललं नाही. तिनंच खिडक्या उघडल्या, तिनंच माणूस बोलावला. नळी खरोखरच फाटलेली निघाली. तो माणूस गेल्यावर सगळ्यांनी विषय बदलला. त्या दिवशी तिनं मनात डूख धरला. नवऱ्यावरही धरला, पण आधी धाकट्यावर.

डाव सुचला तो दुकानात. एक आजोबा नवा चष्मा घेऊन तणतणत आले. दिसतच नाही म्हणे, नंबरच चुकलाय. मालकांनी चष्मा मागच्या खोलीत दिला. थोरलीनं भिंगं तपासली तर नंबर अगदी बरोबर. तिनं काचा फडक्यानं पुसल्या, जराशी थांबली आणि तोच चष्मा परत दिला. आजोबांनी डोळ्यांवर चढवला. ‘हां! आता कसं लख्ख दिसतंय! आधीच असं करायला काय झालं होतं?’

मालक हसले. थोरली हसली नाही. ती घरापर्यंत विचार करत चालत गेली.

कारण धाकट्याकडेही एक यंत्र होतं. दुकानातल्या भुशानं म्हणा नाहीतर कशानं म्हणा, त्याला खोकला होता. त्यासाठी त्यानं हवा शुद्ध करायचं यंत्र घेतलं होतं आणि त्याचं कौतुक सांगताना तो थकत नसे. ‘आपण बाबा विज्ञान मानतो,’ म्हणायचा, ‘पैसे गेले, पण खोकलाही गेला.’ यंत्र साफ करायचं काम अर्थातच थोरलीचं. विज्ञान मानणाऱ्याला स्वतः झाकण उघडायची सवय नव्हती.

पुढच्या सफाईला तिनं आतला फिल्टर काढला. झाकण लावलं. पंखा घुंऽऽ करत फिरू लागला, हिरवा दिवा लागला. बडा घर पोकळ वासा! फिल्टर तिनं पलंगाखालच्या जाळीत गुंडाळून ठेवला आणि वाट पाहू लागली.

वाट पाहण्यात जे सुख आहे ते तिला आधी कुणी सांगितलंच नव्हतं. सकाळी धाकटा आळस देत बाहेर यायचा. ‘काय झोप लागली! हवा कशी हलकी झालीय!’ थोरली त्याच्यापुढं चहा ठेवायची. ‘हो का भाऊजी? छान, छान.’ आणि आतल्या आत तिला उकळ्या फुटायच्या. त्या दिवसांत तिचं डोकं क्वचितच दुखलं. हे तिच्याही लक्षात आलं, पण तिनं तिकडे कानाडोळा केला.

थंडी सरली. आत्याबाई पुन्हा आल्या, तेच सगळे पुन्हा चहाला बसले. धाकटा आत्याबाईंना यंत्र घ्यायचा आग्रह करू लागला.

‘भाऊजी, थंडीभर खोकला किती वेळा आला हो?’ थोरलीनं विचारलं.

‘एकदासुद्धा नाही, वहिनी. बोला!’

थोरलीनं यंत्र उचलून आणलं. अगदी मधोमध ठेवलं, जिथं ते खोकं ठेवलं होतं तिथंच. झाकण काढलं आणि आत हात घालून पलीकडून बोटं हलवून दाखवली. मग जाळीत गुंडाळलेला फिल्टर धाकट्याच्या मांडीवर ठेवला.

‘थंडीच्या आधीच काढून ठेवला होता मी. सुंठीवाचून खोकला गेला म्हणायचा की हो, भाऊजी!’

आत्याबाई इतक्या हसल्या की चहा सांडला. या वेळी नवऱ्यानं वर्तमानपत्रही घेतलं नाही, तोंडभर हसला. तिच्या बाजूनं हसला खरा, पण ते हसणं तिला मागच्या वेळेइतकंच झोंबलं. धाकट्याचे कान लाल झाले होते. त्याच्याकडे मात्र तिनं डोळे भरून पाहिलं. अहाहा! इतकं गार तिला कुठल्या जाळीतही वाटलं नव्हतं.

आणि त्याच रात्री धाकटा खोकू लागला.

आधी थोरलीला वाटलं, सोंग करतोय. पण तो सोंगाचा खोकला नव्हता. फिल्टर जागेवर गेला, तरी खोकला थांबेना. नवा फिल्टर आला, तरी थांबेना. यंत्राच्या हिरव्या दिव्यावर त्याचा विश्वासच उरला नव्हता, आणि जे काही इतके दिवस त्याला बरं करत होतं ते त्या विश्वासाबरोबर निघून गेलं होतं. दुकानात गिऱ्हाइकापुढं वाक्य पुरं होईना. मालकानं त्याला गोदामात बसवलं. डॉक्टर म्हणाले, छाती स्वच्छ आहे. भिंतीपलीकडून थोरलीला तो खोकला ऐकू यायचा. पहिले काही दिवस तिनं तो मन लावून ऐकला.

एका दुपारी जेवणं चालली होती. धाकट्याला अशी उबळ आली की ताटावरून उठावं लागलं.

‘मनाचे खेळ आहेत रे,’ थोरलीचा नवरा म्हणाला. ‘आत फिल्टर नव्हता तेव्हा बरा होतास की!’

‘तर काय,’ सासूबाई म्हणाल्या.

धाकट्यानं तोंड पुसलं. तो वाळला होता, डोळे खोल गेले होते. त्यानं दुसऱ्या कुणाकडे पाहिलंच नाही. ‘वहिनी, तुम्ही तरी सांगा हो यांना. खोकला खरा आहे. मी मुद्दाम करत नाही.’ तो थांबला. मग सगळ्यांच्या देखत, खाली मान घालून म्हणाला, ‘तेव्हा तुमचंही डोकं खरंच दुखत होतं ना? मला आता कळतंय.’

घास हातात धरून सगळे थोरलीकडे पाहू लागले. नवराही. हेच तर तिला हवं होतं! जो हसला त्याच्याच तोंडून, जे हसले त्यांच्याच पुढ्यात. तिनं फक्त ‘हो’ म्हणायचं होतं. त्या एका ‘हो’त तिचा ठणका खरा ठरत होता आणि त्याचा खोकलाही. आणि डोकं तर आत्ताही ठणकत होतं, सकाळपासून.

पण ‘हो’ म्हटलं की त्याचीही सुटका होत होती. ते तिच्यानं होईना.

‘छे हो, भाऊजी!’ थोरली म्हणाली. ‘लहर असते एकेकाची.’

काय हशा पिकला! सासूबाईंनी डोळे पुसले. ‘बघा, जाऊबाईच कबूल करतायत,’ धाकटी जाऊ म्हणाली. थोरलीही हसली, सगळ्यांच्या वर आवाज काढून हसली. धाकटा तेवढा हसला नाही. तो ताट उचलून आत गेला.

भांडी घासून ती खोलीत आली, दार लोटलं आणि कपाळाला रुमाल आवळून आडवी झाली. कानात शिटी वाजत होती. पलीकडे धाकटा खोकत होता. थोड्या वेळानं दार किलकिलं झालं. नवरा उंबऱ्यात उभा होता. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण त्याचा असा चेहरा तिनं पाहिला नव्हता. थट्टेचा मागमूस नव्हता त्यावर.

‘काय गं,’ तो हळूच म्हणाला, ‘दुखतंय का खरंच?’

तिनं कपाळावरचा रुमाल ओढून काढला आणि उशीखाली सारला.

‘नाही हो,’ ती म्हणाली. ‘कुठं काय!’