तरंगणाऱ्या पेशी

आईचा हात मोडला आणि मी चार दिवसांसाठी म्हणून भिलाईला, सेक्टर सहाच्या क्वार्टरमध्ये आले. प्लास्टर निघायला सहा आठवडे लागणार, हे इथे आल्यावर कळलं. बाबांची शिफ्ट ड्यूटी आणि मी एकटीच लेक, म्हणजे सुटका नव्हती. कणीक मळताना जीव सगळा दूरच्या लॅबमधल्या एका फ्लास्कमध्ये अडकलेला असायचा.

त्यात उंदराच्या अस्थिमज्जेतून वाढवलेल्या डेंड्रिटिक पेशी होत्या. अंगात शिरलेल्या जंतूचा तुकडा उचलून बाकीच्या पेशींना दाखवायचा, हे त्यांचं काम. पण बाहेर काढल्या की थोड्याच दिवसांत मरतात, मग अभ्यास कशाचा करणार? म्हणून त्यांच्यात वाढत राहण्याचं जनुक घालून न संपणारी सेल लाइन करायचा माझा खटाटोप दोन वर्षं चालला होता. बाकी सगळे फ्लास्क मेले. हा एकच तीन महिने टिकला होता, आणि गोठवून ठेवण्याइतक्या पेशी अजून झाल्या नव्हत्या.

"कावून एवढी तगमग करून राहिली? तुह्या पेशी का पळून चालल्या?" आई म्हणायची. मला तिचा राग यायचा, आणि मग तिचा हात पाहून स्वतःचा जास्त यायचा.

पाचव्या दिवशी जवळच्या हुडको कॉलनीतल्या एसटीडी बूथवरून लॅबमध्ये शेजारच्या टेबलावर काम करणाऱ्या मैत्रिणीला फोन लावला. बाहेर बाबा स्कूटरचा हॉर्न वाजवत होते, त्यांना ड्यूटीला उशीर होत होता. "दर तीन दिवसांनी मीडियम बदल," पेशी ज्या पोषक द्रवात वाढतात त्याबद्दल एवढंच ओरडून मी फोन ठेवला.

पुढच्या आठवड्यात पुन्हा फोन केला.

"एकदम स्वच्छ केलाय तुझा फ्लास्क," ती खुशीत म्हणाली. "किती मेलेल्या तरंगत होत्या गं! सगळ्या ओतून टाकल्या. खाली चिकटलेल्या मस्त आहेत."

तिचं चुकलं नव्हतं. तिच्या पेशी तळाला चिकटून जगायच्या, सुटल्या की मेल्या. माझ्या तरंगतच जगायच्या. तळाला चिकटलेल्या होत्या त्या माझ्या नव्हत्याच, निवडताना राहून गेलेल्या भलत्याच होत्या. हे एक वाक्य मी हॉर्नच्या घाईत सांगितलं नव्हतं. मी तिला थँक्यू म्हटलं.

घरी आल्यावर आईने विचारलं, "झालं का काम? मंग आता प्लास्टर निघेपर्यंत राहशील ना?"

"राहते," मी म्हटलं. नाही म्हणायला आता कारणच उरलं नव्हतं.