गोधडीतले दोन अजगर

आधीच सांगते, मी भुताखेतांवर विश्वास ठेवणारी बाई नाही. या ग्रुपवरचे अनुभव आवडीने वाचते, पण मनात म्हणते, झोप झाली नसेल नाहीतर पोट बिघडलं असेल. माझं कामच मोजमापाचं. जर्मनीत, ब्राउनश्वाइगमध्ये वीस वर्षं गाड्यांच्या सुट्या भागांचं टेस्टिंग करते. आकडा दिसला तर विश्वास, नाहीतर नाही. आणि माझा अनुभव नेमका आकड्यांचाच आहे, म्हणून जास्त छळतो...

आमचं घर जुन्या इमारतीत, तिसऱ्या मजल्यावर. मागच्या खोलीत काचेची दोन टेरॅरियम्स आणि त्यांत माझ्या नवऱ्याचे, येन्सचे, दोन अजगर. घाबरू नका, आफ्रिकेकडची लहान जात, चार-चार फुटी, स्वभावाने गरीब. म्हातारी ती फ्रीडा. तरुण तो माऊ. आमच्या मीराने तीन वर्षांची असताना ठेवलेलं नाव, कारण प्राण्यासाठी तिला तेवढा एकच मराठी शब्द येत होता.

येन्स मागच्या ऑक्टोबरमध्ये गेला. हार्ट अटॅक, ऑफिसातच. मीरा बॉनला शिकते. अंत्यविधीनंतर ती घरी आली नाही. दर रविवारी फोन करायची आणि जर्मनमध्ये एकच विचारायची, साप ठीक आहेत ना, ऊब आहे ना. उन्हाळ्यात फ्लॅट मिळाला की ती त्यांना नेणार होती. आम्हा दोघींत बोलण्यासारखं तेवढंच उरलं होतं. म्हणून मी ते सांभाळत होते. प्रेम वगैरे नाही हो! तेवीस वर्षांत मी त्यांना हात लावला नव्हता. फ्रीझरच्या खालच्या ड्रॉवरमधला उंदीर चिमट्याने द्यायचा आणि दार लावून घ्यायचं.

पूर्वी एकदा वीज गेली होती, तेव्हा येन्सने दोघांना शर्टाच्या आत घेतलं होतं आणि खुर्चीत पुस्तक वाचत बसला होता. फ्रीडा पोटाशी, माऊ डाव्या हाताला वेढे घालून बाहीत. "मी आहे ना त्यांचा हीटर," म्हणाला. मी त्याला खूप चिडवलं होतं.

या फेब्रुवारीत शनिवारी सकाळी दहाला आमच्या भागातली वीज गेली. जमिनीखालची केबल जळाली म्हणे. गरम पाण्याचा पंप बंद, त्यामुळे घर तापवणारं हायत्सुंगही बंद. बाहेर उणे सात. मीराला मेसेज केला, "वीज गेलीय, काळजी करू नकोस, मी बघते," आणि संध्याकाळपर्यंत फोनची बॅटरी संपली.

मी काय केलं, तर चिमट्याने आणि झाडूच्या दांड्याने दोघांना एकेका उशीच्या अभ्र्यात घातलं, दोन्ही अभ्रे एकाच खोक्यात शेजारी शेजारी ठेवले आणि वरून आईची गोधडी गच्च गुंडाळली. तिच्या जुन्या नऊवारींची, चांगली जाड. थंडी म्हटली की गोधडी, आपल्याला दुसरं सुचतं कुठे? मला तर स्वतःचं कौतुकच वाटलं. शर्टात घ्यायचं मनात आलं होतं, खोटं कशाला सांगू. पण नाही झालं धाडस.

खालच्या मजल्यावर फ्राऊ बेरेन्स राहतात. त्यांच्याकडे लाकडाची शेगडी आहे. त्यांनी वर येऊन सांगितलं, खाली या, जे लागेल ते घेऊन या. मी गेले, सूप प्यायले, आभार मानले. माझ्याकडे दोन अजगर आहेत, ते तुमच्या शेगडीपाशी ठेवू का, एवढं वाक्य माझ्या तोंडून निघालं नाही. माणसाच्या घरी जाऊन असं कसं मागायचं? भीड पडली. मी वर आले आणि ती रात्र खोक्याशेजारी येन्सच्या खुर्चीत काढली, दोन स्वेटर आणि कोट घालून.

रविवारी दुपारी फ्राऊ बेरेन्सच्या मुलाने गाडीत माझा फोन चार्ज करून दिला. लगेच मीराचा फोन. मी अभिमानाने गोधडीचं सांगितलं. ती हळू आवाजात म्हणाली, "आई, ते स्वतःची ऊब तयार करत नाहीत. तू गोधडीत थंडी बांधून ठेवलीस."

ही गोष्ट मला कळत नव्हती? इंजिनिअर आहे मी. पण हात गोधडीकडे गेले, डोकं गेलंच नाही.

गोधडी सोडली. येन्सचं इन्फ्रारेड थर्मामीटर घेतलं. खोली अकरा डिग्री. फ्रीडाचा अभ्रा अकरा. उघडला... ती कडक झाली होती. शेजारचा, तिला चिकटलेला माऊचा अभ्रा एकतीस.

मी चारदा मोजलं. नवी बॅटरी घातली. स्वयंपाकघरातलं दुसरं थर्मामीटर आणलं. एकतीस. शेवटी जन्मात पहिल्यांदा हात लावला. अंग गरम होतं, कुणीतरी नुकतंच खाली ठेवल्यासारखं. आणि तो वेटोळं करून बसला नव्हता. लांबट वेढे घेतले होते, मधे पोकळी ठेवून. त्या पोकळीत माणसाचा हात कोपरापर्यंत सहज मावला असता.

तीन वाजता वीज आली. सोमवारी प्राण्यांच्या डॉक्टरीणबाईंनी फ्रीडा गेल्याचं सांगितलं. माऊला तपासून विचारलं, याला कशावर गरम ठेवलंत? मी सांगितलं, कशावरच नाही. त्यांनी कागदावर काहीतरी लिहिलं आणि विषय सोडला. फ्राऊ बेरेन्सना कळलं तेव्हा त्या हळहळल्या. "मला वाटलं साप मुलीने नेले. तुम्ही घरी नसताना हायत्सुंग बंद पडलं की येन्स आणायचा त्यांना माझ्याकडे, शेगडीपाशी." म्हणजे एक वाक्य बोलले असते तर फ्रीडा वाचली असती.

शनिवारी मीरा आली. मला वाटलं होतं ओरडेल. ओरडली नाही. सगळं ऐकून घेतलं, माऊला शर्टाच्या बाहीत घेतलं आणि कित्येक वर्षांनी माझ्याशी मराठीत बोलली. "बाबा आला होता," एवढंच. तिचा चेहरा इतका शांत मी ऑक्टोबरनंतर पाहिला नव्हता. संध्याकाळच्या गाडीने ती माऊला घेऊन गेली. त्यानंतर रविवारचे फोनही थांबले. विचारायचं ते आता तिच्यापाशीच आहे ना.

खुलासा माझ्याकडे नाही. एका खोक्यात चिकटून ठेवलेल्या दोन वस्तूंत वीस डिग्रींचा फरक सव्वीस तास टिकत नाही, हे मी कोणालाही गणित मांडून दाखवीन. मीरा म्हणते ते खरं मानलं तर प्रश्न सुटतो. पण मग दुसरा उरतो, आणि तो मी अजून तिला विचारलेला नाही.

ती सबंध रात्र मी येन्सच्याच खुर्चीत, त्या खोक्यापासून हातभर अंतरावर कुडकुडत बसले होते. मला काहीच ऊब लागली नाही.