एकाच नावाच्या दोघी

जोयड्याच्या ज्या दवाखान्यात मी काम करते, तिथं माझ्या हुद्द्याला धड नाव नाही. पगाराच्या कागदावर 'संगणक विभाग' असं छापलेलं असतं आणि त्या विभागात मी एकटी. पेशंट मला कंप्युटरवाली बाय म्हणतात. माझं खरं काम डेटाबेस सांभाळण्याचं. कोण कधी आलं, काय झालं होतं, कुठली गोळी दिली, कुणाला कुठलं औषध चालत नाही, हे सगळं ज्या यंत्रात साठवलेलं असतं ते धडधाकट ठेवायचं, रोज त्याची प्रत काढायची, बिघडलं तर पुन्हा उभं करायचं.

आमचं घर रामनगरचं, मूळ खानापूरकडचं. बेळगावला बीसीए करून मी पुण्यात पाच वर्षं हेच काम केलं. आई आजारी पडली म्हणून परत आले. आई बरी झाली, आणि मी इथंच राहिले.

दवाखान्याचा सर्व्हर ड्रेसिंगच्या खोलीमागच्या बोळात आहे. जुनं मशीन, त्याला माऊसही नाही. बटणं दाबायची रंगीत खिडकी त्यावर चालत नाही; चालतो तो फक्त कन्सोल. काळा पडदा, त्यावर लुकलुकणारी एक रेघ. तुम्ही एक शब्द टाइप करायचा, तो उत्तर देतो, आणखी काही विचारतो आणि तुमची वाट बघतो. 'हेल्प' लिहिलं की त्याच्याकडची हत्यारं एकाखाली एक दाखवतो: प्रत काढा, तपासा, परत आणा, दुहेरी नोंदी जोडा, कुणाला काय बघता येईल ते ठरवा. पुण्यात माझ्याबरोबरचे लोक अशा पडद्याला कंटाळायचे. मला मात्र तो पहिल्यापासून आवडला. केलेलं काम तो ओळीओळीनं सांगतो, आणि मोठं काही करायच्या आधी खात्री विचारतो. या कामात माझा हात बसलेला आहे, हे मी संकोच न करता सांगते.

दोनेक वर्षांपूर्वीची गोष्ट. भातकापणीचे दिवस होते. दुहेरी नोंदी फार झाल्या होत्या. लोक कार्ड घरी विसरून येतात, नोंदणीच्या खिडकीत गर्दी असते, मग तिथला माणूस सरळ नवा नंबर देऊन मोकळा होतो. त्यामुळे एकाच माणसाचे दोन-दोन नंबर. मी ठरवलं की एका रविवारी बसून सगळं निस्तरायचं. त्या दिवशी दवाखाना बंद असतो. सकाळी आल्या आल्या आधी पूर्ण डेटाबेसची प्रत काढली. ती माझी सवय आहे, घरातून निघताना गॅस बंद केलाय का बघतात तशी. मग जोडणीचं हत्यार सुरू केलं.

कन्सोल दोन नोंदी शेजारी शेजारी दाखवायचा आणि विचारायचा, हे दोघं एकच का? मी 'येस' किंवा 'नो' लिहायची. अकरा जोड्यांना मी 'येस' म्हटलं. त्यातली एक गुंद गावच्या बाईची होती. नाव तेच, नवऱ्याचं नाव तेच, आडनाव तेच, गाव तेच. वयात फक्त दोन वर्षांचा फरक. आमच्याकडं वय अंदाजानंच सांगतात, म्हणून त्या फरकाकडं मी पाहिलंही नाही. 'येस' लिहिलं, एंटर दाबलं. जुन्या नंबरात नवा नंबर विरघळला.

बुधवारी सकाळी मी नोंदणीच्या खिडकीतला प्रिंटर दुरुस्त करत होते. आमच्या नर्सबाई दारात येऊन उभ्या राहिल्या. त्यांना आम्ही सगळे अक्का म्हणतो. पन्नाशीच्या, याच डोंगरातल्या शेतकरी घरातल्या, दवाखाना सुरू झाला त्या दिवसापासून इथं. त्यांच्या हातात केस पेपर होता.

"जरा हिकडं ये गं," त्या म्हणाल्या. आवाज नेहमीसारखाच.

मी बाहेर गेले. "काय झालं अक्का?"

"गुंदची ती आलीया, पायाला विळा लागलाय. डॉक्टरनी पेनिसिलिन लिवलंय. हिला ते चालत न्हाई. मागल्या साली तिचं त्वांड सुजलं तवा मीच पडद्यावर लिवलेलं. आता बघतीया तर 'ॲलर्जी न्हाई' असं दिसतंय."

मी त्यांच्या हातातला केस पेपर घेतला. "सुई दिली न्हाई न्हवं तुमी?"

"न्हाई. विचारल्याबिगर मी सुई कुणालाच देत न्हाई. पण आज माझी रजा असती तर?"

मी त्या बाईंजवळ गेले. पाय पाटावर ठेवून त्या बाकावर बसल्या होत्या. चाळिशीच्या आसपास वय, पायाला हळद लावून फडकं बांधलेलं. पडद्यावर त्यांच्या नावापुढं दर महिन्याला रक्तदाबाच्या गोळ्या दिल्याची नोंद दिसत होती.

"मावशी, तुमी बीपीच्या गोळ्या घेताय काय?"

"न्हाई गं बाय. त्या वयलीच्या."

"वयली म्हंजे?"

"वयल्या घरातली, चढावरची. मी सकल्या घरातली, उतारावरची. तिचं नाव पन माझंच हाय."

"आणि तिच्या घरधन्याचं?"

"ते पन तेच. ते दोगं चुलतभाऊ. आज्याचं नाव दोगांनाबी ठेवलंय." आणि त्या हसल्या. त्यांना यात गमतीखेरीज काही दिसत नव्हतं. काय झालं असतं ते मला दिसत होतं.

खरं म्हणजे नियम मला ठाऊक होता. दोन नोंदी जोडताना भेटी सगळ्या एकत्र येतात, पण जी माहिती एकच असू शकते तिथं जुन्या नोंदीतली राहते आणि नवीतली पुसली जाते. वयलीची नोंद जुनी होती. तिला ॲलर्जी नव्हती. म्हणून सकलीची ॲलर्जी पुसली गेली. कन्सोलनं विचारलं होतं, आणि उत्तर मी दिलं होतं.

मी डॉक्टरांच्या खोलीत गेले. ते धारवाडचे, मराठी बेताची बोलतात आणि मोजकी. मी घडलं ते सरळ सांगितलं, माझी चूक म्हणून. अक्कानं दिलेला केस पेपर त्यांच्यापुढं ठेवला. त्यांनी पेनिसिलिन खोडून दुसरं औषध लिहिलं, मग चष्मा काढला.

"अजून किती असे?"

"अकरा जोड्या जोडल्या. ही एक चुकली हे नक्की. बाकीच्या दहा तपासायला लागतील."

"परत होतं?"

"होतं. रविवार सकाळची प्रत आहे माझ्याकडं."

"कधीपर्यंत?"

"दुपारी जेवणाआधी."

हे बोलताना माझा आवाज जरासुद्धा हलला नाही, ते मला आठवतं. चूक झाल्याची लाज होती, पण पुढं काय करायचं ते मला माहीत होतं.

बोळात जाऊन बसले. रविवारची प्रत सरळ चालू डेटाबेसवर टाकली असती तर सोमवार-मंगळवारचे सगळे पेशंट पुसले गेले असते. घाईत लोक हेच करून बसतात. मी कन्सोलला सांगून एक वेगळा, रिकामा डेटाबेस तयार केला आणि प्रत त्यात उघडली. त्याला पंचवीस मिनिटं लागली. बाहेर पेशंट येत होते, अक्का प्रत्येकाला तोंडी विचारून औषध देत होत्या. मग त्या प्रतीतून दोघींच्या मूळ नोंदी शोधल्या. वयलीच्या भेटी वयलीकडं, सकलीच्या सकलीकडं. बुधवारची भेट हातानं सकलीच्या नावावर घातली. ॲलर्जीच्या रकान्यात पेनिसिलिन पुन्हा आलं. मग उरलेल्या दहा जोड्याही तशाच सोडवल्या. त्यातल्या बऱ्याचशा बरोबर असणार हे मला कळत होतं, तरी सोडवल्या. साडेबाराला अक्काला आत बोलावलं आणि पडदा दाखवला.

त्यांनी दोन्ही नंबर वाचले. "आता बराबर हाय," म्हणाल्या. मग माझ्याकडं वळून, "तू आधी मला का न्हाई गं विचारलंस?"

"तुमाला रविवारी कशाला बोलवायचं म्हणून."

"ही मानसं मला म्हाईत हायत. तुझ्या यंत्राला न्हाईत."

पुढच्या रविवारी आम्ही दोघी माझ्या स्कूटरवर गुंदला गेलो. जोयड्याहून रस्ता जंगलातूनच जातो; वाटेत एका वळणावर गव्यांचा कळप उभा होता, तो जाईपर्यंत स्कूटर बंद करून थांबावं लागलं. जायचं कारण असं की यादीतल्या आणखी दोन जोड्या त्याच गावच्या होत्या, आणि वयलीलाही तिच्या नावावर काय घोळ झाला होता ते तोंडानं सांगायला हवं होतं.

दोन घरांच्या मध्ये भाताचं एकच खाचर. चढावर एक घर, उतारावर एक. आम्ही सकल्या घरी बसलो आणि वयलीला हाक मारली तशी ती खाचराच्या बांधावरून चालत आली. ती थोराड, कपाळावर मोठं कुंकू. मी तिला सगळं समजावून सांगितलं.

"रेशनला पन आमचं असंच हुतं," ती म्हणाली. "मतदानाला तर एकदा माझ्या नावावर हीच बोटाला शाई लावून आली."

"मग काय करता?"

"आमी सांगतो, मी वयली, ही सकली. गावचा मानूस असला तर त्याला कळतंय. भायरचा असला तर न्हाई कळत."

सकलीनं उकडलेले कंद आणि खोबऱ्याची चटणी पुढं ठेवली. खाता खाता मी वही काढून बाकीच्या जोड्यांचं विचारलं. एक जोडी खरोखर एकाच म्हाताऱ्याची निघाली. दुसरी पुन्हा दोन वेगळ्या माणसांची, त्यातला एक मोहोळवाला, मध काढणारा, आणि दुसरा वढ्याकडचा. अर्ध्या तासात माझ्या ध्यानात आलं की या गावात कुणी कुणाला कागदावरच्या नावानं ओळखतच नाही. माणूस ओळखायचा तो घरावरून, नाहीतर कामावरून, नाहीतर वाटेवरून.

सोमवारी मी कन्सोल उघडला आणि पेशंटच्या माहितीला जोडून एक नवा रकाना तयार केला. त्याला नाव दिलं 'गावातली ओळख'. सॉफ्टवेअर बनवणाऱ्या कंपनीच्या इंजिनिअरला फोनवर सांगितलं तर तो म्हणाला, "मॅडम, असा रकाना आमच्या रचनेत बसत नाही. पुढच्या अपडेटला उडून जाईल."

"मग मी तो वेगळ्या तक्त्यात ठेवते आणि नंबरानं जोडते. तुमच्या रचनेला धक्का लागणार नाही."

"हो, तसं चालेल," तो म्हणाला.

तसंच केलं, आणि आजवर ते चालू आहे. नोंदणीच्या खिडकीत आता नाव-गाव झाल्यावर विचारतात, गावात तुम्हाला काय म्हणतात? लोकांना हा प्रश्न आवडतो. काही लाजतात, मग सांगतात.

दुसरा बदल असा झाला की दुहेरी नोंदींचं काम मी आता एकटी करत नाही. महिन्यातून एक दुपार अक्का बोळात माझ्याशेजारी स्टूल घेऊन बसतात. मी जोडी वाचून दाखवते, त्या सांगतात. पहिल्या दोन वेळा 'येस', 'नो' मी टाइप केलं. तिसऱ्या वेळी त्यांनी कीबोर्ड स्वतःकडं ओढला. एका बोटानं, प्रत्येक अक्षर शोधून, पण एकही चुकीचं नाही. नर्सिंगच्या शिक्षणात इंग्रजी अक्षरं शिकलेल्या होत्याच. एकदा त्यांनी विचारलं, "हे 'हेल्प' म्हंजे मदत न्हवं? मग मला बी दाव की." मी एकेक हत्यार दाखवलं. प्रत काढण्याचं त्यांनी तीन दिवस माझ्यासमोर केलं, चौथ्या दिवशी मला उठायला सांगून केलं.

गेल्या मे महिन्यात मी चुलतबहिणीच्या लग्नाला बेळगावला होते. अक्षता पडून पंगती बसत होत्या तेवढ्यात अक्काचा फोन आला. मी कार्यालयाच्या मागच्या अंगाला, भांडी घासायची जागा होती तिकडं गेले.

"प्रत काढाय बसलीया," त्या म्हणाल्या. "ह्ये काय तरी विचारतंय."

"काय विचारतंय ते वाचा बघू."

त्यांनी अक्षर अक्षर जुळवून वाचलं. त्या नावाची फाइल आधीच आहे, तिच्यावर लिहू का, असं कन्सोल विचारत होता. फाइलला आम्ही तारखेचं नाव देतो, आणि काल निघताना तिथं लिहिलेली तारीख मी तशीच ठेवून आले होते.

"कळलं," मी म्हणाले. "आता तुमी..."

"मी 'नो' म्हणून ठेवलंय," अक्का म्हणाल्या. "आधीचं पुसून टाकतो म्हणतंय तर न्हाईच म्हणणार की. नवं नाव काय देऊ तेवढं सांग."

"आजची तारीख द्या."

पलीकडून एकेक कळ दाबल्याचा आवाज आला. मग त्या म्हणाल्या, "चाललंय आता. टक्के वाढाय लागल्यात. तू जा, जेव."

मी आत जाऊन पंगतीला बसले.