सहाणेवरचा आळ

आदी हे ऐका, बाकीचं मागून! आज भाचीसाठी सहाण धुवायले आन् ते सगळं आठवलं. आता सांगितल्याबिगर मला बसवतच न्हाई.

मी बिदरकडच्या एका दवाखान्यात, तपासणीच्या खोलीत नवीनच लागले व्हते. लेकरांच्या वार्डात एकाएकी जुलाब सुरू झाले. खोकल्यासाठी आलेली लेकरंबी तिथंच आजारी पडायली. भालकीची एक आजी नातवाला घेऊन आली व्हती. सहाणेवर गुटी उगाळायची आन् शेजारच्या लेकरांनाबी चाटवायची. मग काय, सगळ्यांचं बोट तिच्याकडंच.

"दुपारच्या गाडीनं भालकीला जावा तुमी," वार्डाची सिस्टर म्हणाली.

नातवाला अजून सलाईन चालू, त्याला हितं सोडून जायचं. आजीनं गठुडं बांधलं, सोडलं, पुन्ना बांधलं. "माझ्या गुटीवर अख्खी गल्ली वाढली, बाई. हितलीच लेकरं कामून नाजूक?"

इकडं आमी लेकरांच्या जुलाबातले, सहाणेवरचे आन् वार्डातल्या चमच्यांच्या भांड्यातले जंतू काचेच्या बश्यांत वाढवून ठेवलेले. हैदराबादहून बर्फाच्या थर्मासात जंतूंची जात ओळखायचं सिरम आलेलं. काचेवर सिरमचा थेंब घ्यायचा, त्यात जंतू कालवायचे, काच हलवायची. जंतू त्या सिरमच्या जातीचे असले तर फाटलेल्या दुधावाणी दाणे धरतात. नसले तर थेंब गढूळच ऱ्हातोय.

लेकरांचे सगळे थेंब फाटले. एकच जात! मग सहाण. माझा एक डोळा काचेवर, एक दारावर. गाडीची येळ व्हायली. आन् दाणे दिसले की!

"अण्णा, आजीचीच सहाण हाय!" मी दाराकडं निघाले बी.

"निल्लम्मा!" मला काम शिकवणारे अण्णा कानडीत ओरडले. "थांब की! बाजूचा थेंब कोण बघणार, तुझा मामा?"

बाजूच्या थेंबात तेच जंतू, पर निस्त्या मिठाच्या पाण्यात, सिरम न्हाईच. त्यातबी दाणे! सिरमबिगर दाणे धरणारे जंतू म्हंजी खोटे साक्षीदार. अण्णांनी सहाणेच्या बशीतला जंतूंचा दुसरा ठिपका घेतला. काच हलली, हलली... मिठाचं पाणी गढूळ, सिरमबी गढूळ. सहाणेची जात वेगळीच!

मग चमच्यांचं भांडं. त्याच्या पाण्यात सगळ्या लेकरांचे चमचे एकत्र भिजायचे. सिरमात थेंब फाटला, मिठाच्या पाण्यात न्हाई. म्हंजी लेकरांचीच जात!

अण्णा डाक्टरांकडं गेले, मी चप्पल सोडून वार्डात पळाले. आजीचं जाणं थांबलं. सिस्टरनं भांडं उचललं आन् उकळायला नेलं.

आजी गठुड्यावरच बसलेली. "म्हंजी आता उगाळू का गुटी?"

"न्हाई वो आजी! आत्ता निस्तं डाक्टर सांगतेत तेच!"

"बरं. भांडं उकळायलेत. माझ्यावरचा आळ कशात उकळू, पोरी?"

संध्याकाळपतुर कुणीबी तिला 'आमचं चुकलं' म्हणालं न्हाई, मीबी न्हाई. आजूनबी ते टोचायलंय मला.

तुमच्या घरातल्या कुणावर आला व्हता का वो असा आळ? आन् मग कुणी येऊन 'चुकलं' म्हणालं का?