साखरदाणीचं झाकण

दोन हजार सालानंतरची गोष्ट. जेद्दाला आमच्या खालच्या मजल्यावर एक वयस्कर सौदी बाई एकट्याच राहायच्या. मी त्यांना खाला म्हणायची. त्यांच्या यजमानांचा पूर्वी मुंबईशी व्यापार होता, त्यामुळे त्यांना मोडकंतोडकं हिंदी येई.

पहिल्यांदा चहाला गेले तेव्हा मी कपाटातल्या साखरदाणीचं कौतुक करून बसले. सायीसारखा रंग, त्यावर दोन लावे पक्षी आणि गवताची पाती.

"जपानी है ना?" मी विचारलं.

"फ्रान्स का. बहोत पुराना," म्हणत खालांनी ती माझ्या हातातच दिली. मी नको नको म्हणतेय, पण ऐकतील तर शपथ! झाकण मात्र दिलं नाही. विचारणार तरी कसं?

घरी नवरा म्हणाला, "अगं, इथे कुणाच्या वस्तूची स्तुती करायची नसते. द्यावी लागते त्यांना."

मग इंटरनेटवर शोधलं. फ्रेंचांना पूर्वी खरी चिनीमाती जमत नव्हती, म्हणून ते काचेची पूड मिसळलेल्या मऊ मातीवर जपानी चित्रांची नक्कल करत. सुरीनेसुद्धा ओरखडा उठतो म्हणे. वाचून माझं धाबं दणाणलं. एवढी जुनी वस्तू मी एका कौतुकात लुबाडून आणली होती.

परत द्यायची तर रिकामी कशी देणार? शंकरपाळे भरून नेले. खाला आधी हसल्या, मग डोळे पुसायला लागल्या. रागावल्या की काय, मला कळेना. दोन दिवसांनी साखरदाणी खजूर भरून वर आली. आता ही भेट, की नुसते खजूर? मी नारळाच्या वड्या घालून खाली नेली. ती पुन्हा वर आली. असं काही वर्षं चाललं. ती नक्की कुणाची, हे विचारायचा धीर झाला नाही. प्रत्येक वेळी जिना मी जीव मुठीत धरून उतरायची.

नवऱ्याचं कंत्राट संपलं, सामान बांधून झालं. बेसनाचे लाडू भरून मी शेवटची खाली गेले. म्हटलं, एकदाचा निकाल लागेल.

खालांनी लाडू ताटलीत काढले आणि आतून झाकण आणलं.

"तोहफा तो पहले दिन से तुम्हारा था, बिन्ती, मेरी बेटी. ढक्कन मैंने रख लिया. डिब्बा अधूरा रहेगा, तो तुम आती रहोगी." त्यांनी झाकण साखरदाणीवर बसवलं. "अब ले जाओ. खलास."

मला ते झाकण नको होतं.