शुम्निकवर नेलेली किटली

सिरिल क्रावान्या सोचा नदीचा राखणदार होता, आणि राखणदार तरी कसला? महाखडूस! छत्तीस वर्षं त्यानं ते काठ राखले. एकदा कुणी डबाभर मासे एका ओढ्यातून उचलून दुसऱ्यात सोडले, तर यानं भर सभेत त्याचा मासेमारीचा परवाना काढून घेतला. वर सुनावलं, "ओढा म्हणजे तुझ्या बापाचा हौद आहे का रे?" दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ माणसाला बरोबर दिसतं, ते असं.

सोचाचा अस्सल मासा म्हणजे संगमरवरी ट्राउट. अंगभर करडी नागमोडी जाळी, लाल ठिपका औषधालाही नाही. पण कुणा शहाण्यांनी बाहेरून लाल ठिपक्यांचा ट्राउट आणून नदीत सोडला, दोघांची सरमिसळ झाली आणि अस्सल वाण उरला तो फक्त धबधब्यांच्या वरच्या चार-दोन ओढ्यांत, कारण खालचा मासा तिथवर चढू शकत नाही. त्यातही प्रत्येक ओढ्याचा वाण निराळा. एक बुडाला की दुसऱ्या ओढ्यातून तो आणता येत नाही.

आता एकसष्ट सालची गोष्ट. तिलका तेव्हा शुम्निक धबधब्याच्या वरच्या कुरणावर गाई राखायला असायची. तेवीस वर्षांच्या सिरिलला वर जायला निमित्त हवं होतं. त्यानं मत्स्यबीज केंद्रातून लाल ठिपक्यांची साठ बोटुकली, म्हणजे बोटभर पिल्लं, घेतली, दुधाच्या किटलीत घातली, किटली पाठीला बांधली आणि तीन तास चढ चढला.

"दूध आणलंस?" तिलका कमरेवर हात ठेवून म्हणाली. "मी इथं सतरा गाई पिळते, आणि हा शहाणा मला दूध पाजायला आला!"

"आत तर बघ."

तिनं वाकून पाहिलं आणि खो खो हसत सुटली. "अगं बाई! यांना तर गोवर निघालाय!"

दोघांनी मिळून ते मासे तिथल्या ओढ्यात सोडले. पुढे लग्न झालं, संसार झाला. दोन हजार पाच साली तिलका गेली, आणि ती गोष्ट ठाऊक असलेला सिरिल एकटाच उरला.

दोन हजार सात साली सप्टेंबरात शुम्निकशेजारच्या काळ्या घळीत दरड कोसळली. तिथला अस्सल वाणाचा अख्खा ओढा चिखलाखाली गेला. हाती लागल्या फक्त दोन माद्या, तोंडं फुटलेल्या. नर एकही नाही. माशांच्या वाणांचा अभ्यास करणारी यास्ना नोव्हेंबरात सिरिलच्या दारात आली. कॉलेजात असल्यापासून तिला एकेक ओढा यानंच दाखवला होता.

"काका, माद्यांची अंडी आज पिकलीत. शुम्निकचे नर दिसायला अस्सल वाटतात, त्यांचं बीज वापरलं तर घळीचा निम्मा वाण तरी वाचेल. पण त्यांच्या पराचा तुकडा प्रयोगशाळेत तपासायला तीन महिने लागतील. तुम्ही सांगाल ते प्रमाण. वर कधी कुणी बाहेरचे मासे सोडलेत? शंका असेल तर मी थांबते, पुढच्या वर्षी बघू."

परवाने काढून घेतलेल्यांची तोंडं सिरिलच्या डोळ्यांपुढे आली. सेहेचाळीस वर्षं झाली, साठ पिल्लं, मेलीच असतील की! एकदा वरच्या ओढ्यात लालसर काहीतरी चमकलं होतं, पण ते ऊन असेल म्हणून त्यानं स्वतःची समजूत घातली होती.

"छे!" तो म्हणाला. "माझ्या राज्यात कुणाची टाप होती?"

यास्नानं अंडी काढली, त्यांवर शुम्निकच्या नरांचं बीज सोडलं. हिवाळ्यात दोन्ही माद्या मेल्या.

पुढच्या ऑगस्टात तिनं सिरिलला केंद्रावर बोलावलं. पांढऱ्या थाळीत बोटभर पिल्लं फिरत होती. करड्या जाळीत लाल ठिपके. एकावर, दुसऱ्यावर, जवळजवळ सगळ्यांवर.

"गोवर," सिरिल पुटपुटला.

"काय म्हणालात? काका, शुम्निकवर कुणीतरी मासे सोडले होते."

"मीच सोडले होते."

यास्नाचा बांध फुटला. "मग विचारलं तेव्हा तोंड शिवलं होतं का? एक 'हो' म्हणायचं होतं, काका! मी थांबले असते. माद्या नीट सांभाळून दुसरी वाट शोधली असती!"

"लाज वाटली गं. लोकांना मी कायकाय बोललोय..."

"तुमच्या लाजेपायी काळ्या घळीचा वाण संपला."

खरंच होतं ते. आपण जन्मभर जे राखलं ते आपल्याच तोंडानं बुडवलं, हे सिरिलला कळून चुकलं.

यास्नानं नाक पुसलं, कागद पुढे ओढला. नोंद तर करायलाच हवी होती.

"किती सोडले?"

"साठ. दोन वाटेत मेले. अठ्ठावन्न."

"तारीख? अंदाजे सांगा."

"सव्वीस जुलै, एकसष्ट. संत आनाचा दिवस. दुपारी दोनचा सुमार."

यास्नानं मान वर केली. "इतकं पक्कं कसं आठवतं?"

सिरिल थाळीतल्या पिल्लांकडे बघत होता.

"त्याच दिवशी तिलका मला 'हो' म्हणाली," तो म्हणाला. "ते नको लिहूस."