काकीच्या निळ्या भुवया

माझ्या काकीने जत्रेत भुवया गोंदवून घेतल्या. वयामुळे त्या विरळ झाल्या होत्या. हातावर तुळस काढायची ती शाई पक्की, म्हणजे भुवयाही पक्क्या होणार, असं तिचं साधं गणित. चार वर्षांत त्या काळ्याच्या निळ्या झाल्या, अगदी शाळेच्या गणवेशासारख्या. तेव्हापासून बाई पदर डोळ्यांपर्यंत ओढूनच बाजारात जायची.

आता आरोंद्याला, लेकीच्या सासरी, तिची ओटी भरायची होती. विहिणीसमोर पदर ओढून किती वेळ बसणार? दीड महिना हातात असताना ती जामसंड्यात माझ्या पार्लरच्या खुर्चीत येऊन बसली. मी नुकताच कायमच्या मेकअपचा कोर्स केला होता आणि शहाणपण नुसतं उतू जात होतं.

"परत काळो घाल," काकी म्हणाली. "पक्को."

मी ऐटीत समजावलं. गोंदणाची काळी शाई कातडीखालून निळीच दिसते. आमचे भुवयांत भरायचे रंग वेगळे, बरेचसे लोखंडाच्या गंजाच्या जातीचे. निळ्याला नारिंगीच मारतो, दोन्ही मिळून तपकिरी होतं. तिने मान डोलावली. तिला काही कळलं नव्हतं.

एक भुवई झाल्यावर तिने आरसा मागितला. मी मूर्खासारखी तो देऊन बसले. एक भुवई निळी, दुसरी भडक नारिंगी.

"माझो आंबो केलंस गो," ती शांतपणे म्हणाली.

मला हसू फुटलं. मग तिलाही फुटलं. सुई हातात आणि दोघींचे खांदे गदगद हलतायत. "हसा नको, डोळो फोडशील," म्हणत तीच जास्त हसत होती. दुसरी भुवई करायला मला सगळी दुपार लागली.

ती गेल्यावर मात्र माझी ऐट उतरली. रंग तसाच राहिला तर? खपली पडेपर्यंत मी तिला रोज फोन करायचे. नारिंगी हळूहळू बसत गेला आणि महिन्याभराने भुवया तपकिरी दिसू लागल्या. काकी पदर खांद्यावर टाकून आरोंद्याला गेली.

दुपारी तिचा फोन आला. मी एका गिऱ्हाइकाच्या भुवया कोरत होते.

"तीन तास सगळ्यांच्या मधी बसलंय," ती कुजबुजली. "कोणी कायच विचारूक नाय गो." आवाजात आनंद मावत नव्हता.

मी दोरा गिऱ्हाइकाच्या हातात दिला आणि खुर्चीभोवती दोन गिरक्या घेतल्या.

"काय झालं?" खुर्चीतल्या गिऱ्हाइकाने घाबरून विचारलं.

"माझं काम कोणाला दिसलंच नाही," मी म्हटलं.